माशाच्या पाण्यावरचे निवडुंग

मार्च लागला की मला एक वास यायला लागतो. मोहोराचा म्हणाल तर तोही येतो, आमच्या कंपाउंडमधला आंबा अजून उभा आहे. पण मी म्हणते तो वास वेगळा. कोळंबीची सालं, कुजलेली काकडी आणि ओलं सिमेंट यांचा मिळून होईल तसा. खरं तर आता तिथे वास यावा असं काहीच उरलेलं नाही. त्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसलेत आणि त्यांच्यावर दोन स्कूटर उभ्या असतात. तरीही सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाणी जपून वापरावे, सहकार्य करावे’ असा वर्षातला पहिला मेसेज आला, खाली ते हात जोडलेलं चित्र दिसलं, की माझा पदर आपसूक नाकाकडे जातो. शेजारच्यांना वाटतं, बाईंना धुळीची अ‍ॅलर्जी आहे. मी वाटू देते.

घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मी उभा जन्म विज्ञान शिकवलं. मार्च म्हणजे माझ्यासाठी पेपर तपासण्याचा महिना. पंखा बंद ठेवायचा, नाहीतर कागद उडतात. घामाने मनगट पुरवणीला चिकटतं आणि लाल शाई पसरते. दर वर्षी एक प्रश्न ठरलेला असायचा: वाळवंटातील प्राणी व वनस्पती कसे तग धरतात? पोरं लिहायची, उंटाच्या कुबडात पाणी असते. मी खोडायचे. कुबडात चरबी असते, पाणी नव्हे, हे मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल देव जाणे. आणि दर वर्षी चार-पाच जण तरी लिहायचे, ‘निवडुंगाला पाणी आवडत नाही.’ तेही खोडायचे. आवडत नाही आणि मिळत नाही यातला फरक ज्याला कळत नाही त्याला विज्ञानात गुण कसे द्यायचे, असं स्टाफरूममध्ये मोठ्या आवाजात म्हणायचेसुद्धा. तेव्हा मी फार हुशार होते.

पुस्तकातलं वाळवंट फार स्वच्छ असतं. पिवळी वाळू, निळं आकाश, एक उंट, दोन निवडुंग. कुठे घाण नाही, कुठे वास नाही. खरा कारभार तसा नसतो. वाळवंटात तग धरायचा म्हणजे अंगातलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि गेलंच तर त्यातूनही काही काम काढून घ्यायचं. गिधाडं आपल्याच पायांवर घाण करतात, ती वाळताना पाय थंड होतात. अमेरिकेकडच्या वाळवंटात एक उंदीर आहे, तो जन्मभर पाणी पीत नाही. सुक्या बियांतून त्याचं शरीरच थोडं पाणी तयार करतं. दिवसा तो बिळाचं तोंड मातीने बंद करून आत बसतो, म्हणजे श्वासातली वाफ बाहेर जाऊ नये. त्याचं मूत्र जवळजवळ लापशीसारखं घट्ट असतं. तिकडच्याच एका कासवाचं तर याहून वाईट. ते मूत्राशयात पाणी साठवून ठेवतं. कुणी कौतुकाने उचललं तर बिचारं भीतीने सगळं सोडून देतं, आणि पुढे पाऊस पडेपर्यंत तहानेने मरू शकतं. हे मी वर्गात सांगितलं की पोरं ‘शी, बाई!’ म्हणून ओरडायची, नाकं धरायची, आणि तेवढंच त्यांच्या लक्षात राहायचं.

मला मात्र ‘शी’ वाटायचं ते पुढच्या भागाचं. धड्याच्या शेवटी एक वाक्य असायचं, की या सजीवांच्या चिकाटीचं आपण कौतुक केलं पाहिजे. का बाबा? ज्याच्या पानांचे जळून जळून काटे झाले, त्याचं कौतुक करायचं की त्याची कीव करायची? आपल्या शहराला ही कौतुकाची भारी हौस. कुठे पाणी तुंबलं, पूल बंद पडला, वीज गेली, की लगेच आमची माणसं किती चिवट म्हणून छाती फुगवायची. चिवट म्हणजे काय, तर ज्याला ताणलं तरी कुणाला वाईट वाटत नाही तो. पण एवढं सगळं कळत असूनही वेळ आली तेव्हा मीच टाळ्या घेतल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तो उन्हाळा तीन वर्षांपूर्वीचा. रस्त्याखालची मोठी लाईन बदलायचं काम निघालं होतं आणि आमच्या सोसायटीत पाणी सकाळी पाऊण तास यायचं, तेही करंगळीएवढं. मीटिंगमध्ये सगळ्यात आधी नंबर लागला बागेचा. जास्वंद, अबोली, कण्हेर, कढीपत्ता आणि चादरीएवढी हिरवळ, एवढीच ती बाग. ती काढून तिथे वाळवंटी बाग करायची, अशी टूम सेक्रेटरींनी कुठल्याशा व्हिडिओत बघितली होती. ‘मॅडम, तुमचा विषय आहे, जरा लोकांना समजावून सांगा ना,’ म्हणाले. निवृत्त माणसाला ‘तुमचा विषय’ म्हटलं की तो पाघळतो. मी पाघळले. गच्चीखालच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी निवडुंगाच्या खोडाच्या चुण्या सांगितल्या, पाणी मिळालं की त्या कशा फुगतात ते सांगितलं. त्याची पर्णरंध्रं रात्री उघडतात, दिवसा मिटलेली असतात. वरून मेणाचा थर असतो. मुळं खोल न जाता आजूबाजूला पसरतात, म्हणजे चुकून सर पडली तर थेंब न थेंब टिपता येतो. तो उंदीरही सांगितला. शेवटी म्हणाले, ‘थोडक्यात, यांना आपल्याकडून काहीच लागत नाही.’ टाळ्या झाल्या, समोसे आले.

समोसा तोंडात असतानाच सेक्रेटरी म्हणाले, ‘मग माळी तरी कशाला हवा? मॅडमनीच सांगितलं, काही लागत नाही.’

आमचे माळी म्हणजे उत्तमभाऊ. मूळचे जालन्याकडचे. इमारत झाली तेव्हापासून बागेला तेच. ते आणि मी फाटकात रोज एकमेकांना ‘जय भीम’ घालायचो, आणि तेवढं सोडलं तर फार बोलायचो असं नाही. दुपारी एक वाजता ते बागेच्या नळावर तेलाचे दोन मोठे पांढरे डबे भरायचे, सायकलला दोन्ही बाजूंनी बांधायचे आणि समोरच्या टेकडीवर आपल्या घरी घेऊन जायचे. टेकडीवर पाणी चढत नाही. पहिल्या सेक्रेटरींनी त्यांना कामावर ठेवताना सांगितलं होतं, ‘नळ आहे, नेत जा.’ हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. माझ्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून ती सायकल वळणापर्यंत दिसायची. माळी गेला म्हणजे ते दोन डबेही गेले, हे त्या हॉलमध्ये सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी समोसा गिळला आणि टिश्यूला हात पुसले.

नवे निवडुंग उत्तमभाऊंनीच लावले, हिशेबातलं शेवटचं काम म्हणून. हातांना गोणपाट गुंडाळून एकेक गोल, उभा, चपटा गडी ते वाळूत बसवत होते. मी मार्गदर्शन करायला बाजूला उभी.

‘बाई, ह्ये हितं टिकायचं न्हाई,’ ते खाली बघतच म्हणाले.

‘का?’

‘आमच्याकडं बांधाला निवडुंग आसतोय. त्याच्याकडं कुनी बघत न्हाई म्हनून त्यो जगतो. हितं मानसं लई. कुनीतरी पानी घालनारच.’

मी त्यांना पर्णरंध्रांचं सांगितलं. हो, खरंच सांगितलं. रात्री उघडतात, दिवसा मिटतात, वगैरे. त्यांनी माझ्या शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त अदबीने ऐकून घेतलं.

‘आसंल,’ म्हणाले. ‘पन पानी घालनारी मानसं दिवसा जागी आसत्यात ना.’

मग त्यांनी हात झटकले आणि नळाला कुलूप लावून किल्ली वॉचमनला दिली. वाळूत एक निळी पाटी रोवली होती: ‘वाळवंटातील जीवन’. खाली माझा मजकूर, सुवाच्य अक्षरात.

माणसांनी पंधरा दिवससुद्धा दम धरला नाही. आता हे दुसऱ्या कुठल्या शहरात झालं असतं की नाही मला ठाऊक नाही, पण आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी कुणी मोरीत ओतत नाही. ते झाडाला घालतात. कढीपत्ता त्यावर तरारतो, गुलाब फुलतो, हे प्रत्येकीने आईकडून ऐकलेलं. त्यात टंचाई. एरवी ज्यांच्या नळातून बादल्या वाहून जायच्या त्यांनाही वाटी वाटी पाणी वाचवायचा हुरूप आला होता. कढीपत्ता तर आम्ही उपटलेला. मग हे पाणी जाणार कुठे?

सुरुवात पहिल्या मजल्यावरच्या सुलूने केली. सुलू माझी मैत्रीण, मूळची मालवणची, स्वभावाने लोण्यासारखी. रविवारी बघते तर ही निवडुंगांपाशी पातेलं घेऊन उभी.

‘सुलू, काय करतेस!’

‘काय गो, कोळंबीचं पाणी आहे, घालते. बघ ना कशी तहानलीत बिचारी.’

‘अगं, त्यांना नसतं लागत पाणी!’

‘न लागायला काय झालं? जीव नाही त्यांना? तू पण ना, पुस्तकातलं बोलतेस.’

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायचे, तेही आता निवडुंगांवर. कुणाचं तांदळाचं धुवण, कुणाच्या दुधाच्या पिशव्या विसळलेलं, शनिवारी बोंबलाचं, रविवारी मटणाचं. अख्ख्या सोसायटीत माणसं अर्ध्या बादलीत आंघोळ करत होती आणि तेवढं ते वाळवंट सतत ओलं होतं. सगळ्यांनी प्रेमाने घातलं हो. एकानेही वाईट मनाने घातलं नाही. मुळं बिचारी पसरलेली, मिळेल ते पिऊन घ्यायचं एवढंच शिकलेली. पुरे म्हणायची वेळ त्यांच्या सात पिढ्यांवर आली नव्हती.

मे महिन्यात वास सुटला. आधी मांजरी आल्या, मग निळ्या माश्या. तो सोनेरी काट्यांचा गोल निवडुंग, सगळ्यात देखणा, बाहेरून अगदी ठणठणीत दिसत होता. मी छत्रीच्या टोकाने त्याला जरासं टोचलं आणि तो फस्सकन खाली बसला. आत खोड नव्हतंच. तपकिरी पेज होती आणि तिच्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. छत्रीचं टोक मी तीनदा साबणाने धुतलं. त्या टंचाईत, तीनदा. तरी जेवताना तो वास वरणात यायचा, उशीत यायचा. मला शिसारी आली होती, आणि ती त्या अळ्यांची नव्हती. अळ्यांचं काय, त्यांना मिळालं ते त्या खात होत्या. शिसारी आली होती ती त्या निळ्या पाटीची. येताजाता लोक नाकावर रुमाल धरून ती पाटी वाचायचे.

यंदाही सेक्रेटरींनी विचारलं, ‘मॅडम, पाणीबचतीवर दोन शब्द बोलाल का? तुम्ही छान बोलता.’ घसा बसलाय म्हणून सांगितलं. खोटं बोलायला या वयात लाज वाटत नाही हे एक बरं आहे.

तर त्या मे महिन्यात कमिटीला उत्तमभाऊंची आठवण झाली. ही घाण कोण उपसणार? ‘मॅडम, तुम्हीच जाऊन या. तुमचं तो ऐकेल,’ असं ठरलं. माझं का ऐकेल, हे कुणी बोललं नाही. फाटकातला आमचा ‘जय भीम’ सगळ्यांनी ऐकलेला होता. मीही विचारलं नाही. निघताना सेक्रेटरींनी हळूच सांगितलं, ‘काम तेच, पगार तोच. फक्त ते डबे नाहीत हं. सध्या आपल्यालाच पाणी नाही.’

टेकडी मला नवी नाही. तिच्याच पलीकडच्या अंगाला माझं लहानपण गेलं. वडील बस डेपोत बसगाड्या धुवायचे. दिवसभर पाण्यात राहून त्यांच्या बोटांना सुरकुत्या पडलेल्या, आणि घरात प्यायला एक हंडा. आम्ही चार भावंडं एकाच परातीत, एकाच पाण्यात, एकामागून एक आंघोळ करायचो. माझा नंबर तिसरा. तोपर्यंत त्या पाण्यावर साबणाची करडी साय धरलेली असायची आणि तिच्यात कुणाचा तरी केस. त्याच पाण्याने मग फरशी, आणि उरलं की संडास. ती साय माझ्या पोटरीला चिकटल्याचा भास मला अजून होतो. नोकरी लागल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती फक्त माझी अशी बादली. पुढे लग्न झालं, ब्लॉक आला, फिल्टर आला. कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलं. कावीळ बरी झाली, सवय राहिली. लग्नाला जाते, बारशाला जाते, पर्समध्ये माझी बाटली असते. त्या दिवशी नेमकी ती घरी विसरले होते.

मेच्या उन्हात पायऱ्या चढून गेले तेव्हा घशाला कोरड पडली होती. उत्तमभाऊ दारातच बसले होते. खोली एवढीशी, पण लखलखीत. भिंतीवर बाबासाहेब, खाली निळा ड्रम, त्याच्या झाकणावर जड पाटा. त्यांच्या बायकोने, कांताबाईंनी, माझ्यासाठी खुर्ची पुसली.

निवडुंगांचं सांगितलं तेव्हा उत्तमभाऊ हसले नाहीत. ‘कुनाचं पानी घातलं?’ एवढंच विचारलं.

‘माशाचं.’

‘वास सुटला आसंल.’

‘फार. या ना परत. काम तेच, पगार तोच.’

‘आन् डबे?’

मी पर्सच्या चेनशी चाळा करत म्हणाले, ‘कमिटी म्हणते, सध्या नको.’

‘बाई, पगार मला आता बी हाय,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्या बागंत काम मिळालं. तिथं पानी न्यू देत न्हाईत. मी तुमच्याकडं डब्यांसाठी येत व्हतो. ही आता खालच्या ग्यारेजातनं एक हंडा आनती, त्यो बी त्या मानसाची मर्जी आसली तर.’

‘तुमचं भाषन ह्यांनी दारात हुबं राहून ऐकलं व्हतं,’ कांताबाई मधेच म्हणाल्या. त्यांना विषय बदलायचा होता, माझी अडचण त्यांच्या लक्षात आली असावी. ‘घरी येऊन समदं सांगितलं. त्यो उंदीर, पानीच पीत न्हाई त्यो! लई हसलो आमी.’

मग त्या उठल्या. पाटा उतरवला, झाकण काढलं, ड्रममध्ये हात बराच खाली घालून एक ग्लास भरला. ताटलीत ठेवून माझ्यापुढे धरला. काठोकाठ.

‘नको,’ मी म्हणाले. ‘मी बाहेरचं पाणी पीत नाही.’

विचार करून नाही म्हणाले. जिभेला वळणच तसं पडलेलं. वाक्य तोंडातून गेलं आणि मला माझी आई दिसली. तिच्या गावच्या विहिरीखाली ती ओंजळ धरून उभी राहायची, वरून कुणीतरी दया येऊन पाणी ओतेपर्यंत. ओतणारी बाई आपल्या लुगड्यावर शिंतोडा उडू नये म्हणून मागे सरून ओतायची, हे आई हात करून दाखवायची. तिच्या पोटची मी. आमच्या नळाचं पाणी तुम्हाला मिळणार नाही असा निरोप घेऊन मी त्या घरात आले होते, आणि त्यांच्या हातचं पाणी मला चालत नाही, असंही वर सांगितलं होतं. त्या क्षणी मला माझी जी किळस आली तिच्यापुढे त्या अळ्या काहीच नव्हत्या. ग्लास हिसकून घेऊन प्यावंसं वाटलं. हात उठला नाही.

उत्तमभाऊ दुसरीकडे बघू लागले. कांताबाईंनी ग्लास उचलला. पुन्हा झाकण सारलं, आणि धार अजिबात न सांडता तो अख्खा ग्लास ड्रममध्ये परत ओतला. तळाचा थेंब पडावा म्हणून ग्लास दोनदा काठावर ठोकला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. अपमान झाल्याचं काहीतरी दिसेल, राग दिसेल, निदान मला शिक्षा म्हणून तरी दिसेल, असं वाटत होतं. तसं काही नव्हतं. एक ग्लास वाचला म्हणून त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते लपवायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.